जुनी चित्रकार्डं ऑनलाइन ठेवताना: स्कॅनची साइज किती, आणि कमी कशी करायची?

जुन्या मुंबईची चित्रकार्डं, रविवर्मा प्रेसची देवादिकांची कार्डं, पणजोबांना आफ्रिकेहून किंवा विलायतेहून आलेली पोस्टकार्डं. ज्यांच्या घरी असा संग्रह आहे ती मंडळी आता तो स्कॅन करून इंटरनेटवर ठेवू लागली आहेत. कपाटात वर्षानुवर्षं बंद राहिलेलं कार्ड जगात कुठेही बसलेल्या माणसाला पाहता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण काम सुरू झालं की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. स्कॅन ३०० ला करायचा की ६०० ला? वेबसाठी ७२ डीपीआय लागतो म्हणतात, मग तेवढाच का करू नये? एकेक फाइल वीस एमबीची होते, पान उघडतच नाही, काय करू? साइज कमी केली तर पोस्टाचा शिक्का वाचता येत नाही, आता?

या सगळ्या गोंधळाचं मूळ एकच आहे. एकाच फाइलीकडून आपण दोन कामं मागतो: तिने कार्ड जपूनही ठेवावं आणि मोबाइलवर चटकन उघडावंही. या दोन कामांसाठी दोन वेगळ्या फाइली करा, म्हणजे बाकीचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

मूळ प्रत वेगळी, दाखवायची प्रत वेगळी

मूळ प्रत म्हणजे तुमच्या स्कॅनरला जमेल तेवढी चांगली, कुठलीही छाटाछाट न केलेली फाइल. ती तुमच्या हार्ड डिस्कवर राहील, इंटरनेटवर जाणार नाही. दाखवायची प्रत मूळ प्रतीवरून तयार होईल आणि ती लहान असेल. पुढे कधी जास्त मोठं चित्र हवं झालं तर मूळ प्रतीवरून नवी लहान प्रत काढता येते. लहान प्रतीवरून मोठी मात्र कधीच काढता येत नाही. म्हणून ‘साइज कमी ठेवायची आहे’ या कारणाने स्कॅनच कमी डीपीआयवर करू नका. नाजूक, कोपरे झिजलेलं कार्ड पुन्हा पुन्हा काचेवर ठेवणंही बरं नाही.

आकडे कुठून येतात

जुन्या चित्रकार्डाचा नेहमीचा आकार साडेपाच इंच बाय साडेतीन इंच. डीपीआय म्हणजे प्रत्येक इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. त्यावरून दाबून लहान न केलेल्या एका बाजूचा हिशेब असा होतो:

- ३०० डीपीआय: १६५० × १०५० पिक्सेल, सुमारे ५ एमबी
- ६०० डीपीआय: ३३०० × २१०० पिक्सेल, सुमारे २१ एमबी
- १२०० डीपीआय: ६६०० × ४२०० पिक्सेल, सुमारे ८३ एमबी

डीपीआय दुप्पट केला की फाइल चौपट होते, हे यावरून दिसेल. स्कॅनरवर ‘४८ बिट’ निवडलं असेल तर हे आकडे आणखी दुप्पट होतात. छापील कार्डांसाठी २४ बिट रंग आणि ६०० डीपीआय माझ्या मते योग्य आहे. १२०० ची गरज एखाद्या अस्सल ब्रोमाइड फोटोकार्डाला, किंवा तिकिटाचा बारकावा टिपायचा असेल तेव्हाच पडते.

आता पाचशे कार्डांचा संग्रह धरा. दोन्ही बाजू मिळून हजार फाइली, ६०० डीपीआयवर जवळपास २१ जीबी. गूगल खात्यात फुकट मिळणारी १५ जीबी जागा, तीही ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली, याला पुरणार नाही. तेव्हा मूळ प्रतींसाठी दोन हार्ड डिस्क ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. याच हजार बाजूंच्या दाखवायच्या प्रती प्रत्येकी २०० केबीच्या केल्या तर सगळा संग्रह २०० एमबीत बसतो.

स्कॅन करताना

- मूळ प्रत टिफ प्रकारात जतन करा. टिफमध्ये ‘एलझेडडब्ल्यू’ हा पर्याय असतो. त्याने साइज थोडी उतरते आणि चित्राचा एकही पिक्सेल बदलत नाही.
- बरेच घरगुती स्कॅनर आपणहून पीडीएफ करतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बदला. एकेका कार्डाची पीडीएफ शोधायला, दाखवायला आणि लहान करायला अडचणीची असते.
- कार्डामागे काळा जाड कागद ठेवा. पांढऱ्या झाकणासमोर फिकट कार्डाची कड दिसत नाही, आणि कड दिसली नाही तर पुढे नीट कापता येत नाही.
- सेपिया किंवा पिवळट पडलेलं कार्ड ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये स्कॅन करू नका. शाईचा रंग आणि कागदाचा रंग या माहितीवरूनच कार्डाचा काळ आणि छपाई ओळखता येते. रंग काढून टाकल्याने जेपेगची साइज फारशी कमीही होत नाही.
- मागची बाजूही त्याच निगुतीने स्कॅन करा. एडवर्ड सातव्याचं तिकीट, पोस्टाचा शिक्का, प्रकाशकाचं नाव, मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेला मजकूर हे सगळं बहुधा तिथेच असतं. अभ्यासकांना अनेकदा चित्रापेक्षा पाठीचीच गरज जास्त असते.

रुंदी ठरवा, मग बाकीचं

लोक ‘किती केबी करू?’ असं विचारतात. त्याआधी ‘किती पिक्सेल रुंद करू?’ हे विचारा. साइज उतरवण्याचं सर्वांत मोठं काम रुंदी कमी केल्यानेच होतं.

फाइलीत ७२ डीपीआय लिहिलंय की ३०० याने पडद्यावर काहीच फरक पडत नाही. पडदा फक्त पिक्सेल मोजतो. १२०० पिक्सेल रुंद चित्रावर ७२ चा शिक्का असो की ६०० चा, ते तेवढंच दिसतं आणि फाइलही तेवढीच राहते. ‘वेबसाठी ७२ डीपीआय’ हा सल्ला त्यामुळे तुम्ही निर्धास्तपणे विसरून जा. त्या सल्ल्यापायी ज्यांनी स्कॅनरच ७२ वर ठेवला, त्यांच्याकडे जेमतेम ३९६ पिक्सेल रुंद चित्रं उरली आहेत.

मग रुंदी किती? कार्डावरचं सर्वांत बारीक अक्षर शोधा. क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या मुंबईच्या प्रकाशकांची नावं कार्डाच्या कडेला बारीक टायपात असतात. शिक्क्यातली तारीखही तशीच. असं अक्षर समजा दीड मिलिमीटर उंच आहे. कार्ड १२०० पिक्सेल रुंद केलं तर त्या अक्षराच्या वाट्याला सुमारे १३ पिक्सेल येतात आणि ते वाचता येतं. ६०० पिक्सेल केलं तर सहाच येतात, आणि अक्षराची नुसती रेघ होते. म्हणून माझी शिफारस अशी:

- यादीतलं छोटं चित्र (थंबनेल): ३०० पिक्सेल रुंद. साधारण १५ ते ३० केबी.
- टिचकी मारल्यावर उघडणारं चित्र: १२०० पिक्सेल रुंद. साधारण १५० ते ३०० केबी.
- गर्दीचं दृश्य, नकाशा किंवा दाट हस्ताक्षर असलेलं कार्ड: १६०० ते २००० पिक्सेल. इथे फाइल ५०० केबीपर्यंत गेली तरी जाऊ द्या.

उभ्या कार्डांसाठी हाच आकडा उंचीला लावा. बॅच करताना, म्हणजे अनेक फाइली एकदम लहान करताना, ‘लांब बाजू १२०० पिक्सेल’ असा पर्याय निवडला की आडवी-उभी दोन्ही कार्डं एकत्र चालतात.

सगळ्या कार्डांना एकच मर्यादा लावायचा हट्ट धरू नका. अपोलो बंदरच्या एखाद्या कार्डात गेटवे ऑफ इंडिया दिसत नाही, म्हणजे ते कार्ड १९२४ साली कमान पुरी होण्याआधीचं, असा अंदाज पाहणारा बांधू शकतो. पण मागे दूरवर बांधकामाची परांची उभी आहे की काय, हे त्याला मोठं करून बघता आलं पाहिजे. अशा कार्डावर शंभर केबी वाचवून काही साधत नाही. उलट आकाश आणि समुद्र यांनीच भरलेलं कार्ड ८० केबीतही उत्तम दिसतं.

गुणवत्तेचा आकडा

जेपेग जतन करताना ‘क्वालिटी’ विचारली जाते. १०० वर ठेवली तर फाइल विनाकारण फुगते. ९५ आणि ८५ यांतला फरक डोळ्यांना जवळपास दिसत नाही, फाइलीच्या साइजमध्ये मात्र तो चांगलाच दिसतो. ८० ते ८५ वर सुरुवात करा. ७० च्या खाली गेलात की अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके आणि आकाशात चौकोनी पट्टे दिसू लागतात.

प्रत्येक प्रोग्रामची मोजपट्टी वेगळी असते. फोटोशॉपच्या नेहमीच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ती ० ते १२ आहे, इतर बहुतेक ठिकाणी १ ते १००. म्हणून दुसऱ्याचा आकडा तसाच उचलू नका. तुमच्या संग्रहातलं एक फोटोकार्ड, एक रंगीत छापील कार्ड आणि एक हस्तलिखित पाठ घ्या. ती तिन्ही ७०, ८० आणि ९० वर जतन करा आणि पडद्यावर शंभर टक्के आकारात शेजारी ठेवून बघा. शिक्क्यातली तारीख ज्या सर्वांत कमी आकड्यावर सहज वाचता येते, तो तुमचा आकडा.

जेपेग, पीएनजी की वेबपी?

कार्डांसाठी जेपेग. ते सगळीकडे उघडतं आणि जुन्या फोनवरही दिसतं. पीएनजी सपाट रंगांच्या चित्रांना चांगलं, जसं की दोनच रंगांत छापलेली लग्नपत्रिका किंवा नुसती रेषाचित्रं. फोटो किंवा जुन्या कागदाचा पोत पीएनजीत ठेवला तर फाइल जेपेगच्या कितीतरी पट मोठी होते. वेबपीमध्ये तेवढ्याच दर्जाची फाइल बहुधा जेपेगपेक्षा लहान बनते आणि आजचे सर्व मुख्य ब्राउझर ती दाखवतात. तुमची वेबसाइट आपणहून वेबपी करत असेल तर करू द्या. पण ज्यांना तुम्ही चित्रं ईमेलने किंवा छपाईसाठी देणार आहात, त्यांना जेपेगच द्या.

ठिपक्यांनी छापलेली कार्डं

इथे बरेच जण अडतात. विसाव्या शतकातली पुष्कळ कार्डं हाफटोनने, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापलेली आहेत. भिंगाखाली धरलंत तर ते ठिपके रांगेत दिसतील. अशा कार्डाचा स्कॅन लहान केला की ठिपक्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकांत अडकतात, आणि चित्रावर लाटांसारखे पट्टे उमटतात. शिवाय प्रत्येक ठिपका हा जेपेगच्या दृष्टीने तपशील असतो, म्हणून फाइलही जड होते. कोलोटाइप आणि अस्सल फोटोकार्डं यांच्यात अशी जाळी नसते, त्यामुळे ती हा त्रास देत नाहीत.

उपाय असा:

१. मूळ प्रत ६०० डीपीआयवर, स्कॅनरचं ठिपके पुसणारं ‘डीस्क्रीन’ बंद ठेवून घ्या. ठिपके हा छपाईच्या पद्धतीचा पुरावा आहे, तो मूळ प्रतीत राहायला हवा.
२. दाखवायच्या प्रतीवर, लहान करण्याच्या आधी, एक ते दोन पिक्सेलचा हलका ब्लर द्या.
३. मग रुंदी १२०० वर आणा.
४. शेवटी थोडं शार्पन करा. थोडंच. जास्त केलं तर कागदाचे तंतू आणि धूळ टोकदार होतात आणि उतरलेली साइज पुन्हा चढते.

क्रम उलटा केला, आधी लहान करून मग ब्लर दिला, तर पट्टे जात नाहीत, चित्र मात्र मवाळ होतं.

शेकडो फाइली एकदम

एकेक फाइल हाताने लहान करत बसू नका. विंडोजवर इरफानव्ह्यू घरगुती वापराला मोफत आहे. त्यात बी हे अक्षर दाबलं की बॅचची खिडकी उघडते. तिथे लांब बाजू, गुणवत्ता आणि नवा फोल्डर दिला की पूर्ण संग्रह एका बैठकीत होतो. एक्सएनकन्व्हर्ट विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि खासगी वापराला तेही मोफत आहे. मॅकवर प्रीव्ह्यूमधूनही अनेक चित्रं निवडून लहान करता येतात. दोन-चार कार्डांपुरतं काम असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं स्क्वूश वापरा. तिथे मूळ आणि लहान प्रत शेजारी-शेजारी दिसतात, आणि चित्र तुमच्याच संगणकावर लहान होतं, कुठे पाठवलं जात नाही. ‘फोटो चढवा, लहान करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर घरची पत्रं चढवणं टाळा.

बॅच सुरू करण्याआधी नवा फोल्डर निवडला आहे ना, हे दोनदा तपासा. ‘मूळ फाइलीवरच जतन करा’ हा पर्याय चुकून चालू राहिला तर मूळ प्रती हातच्या जातात.

फाइलींची नावं याच वेळी लावून घ्या. रोमन अक्षरं, आकडे आणि मधली रेघ एवढंच वापरा, मोकळी जागा सोडू नका. शहर, क्रमांक, आणि पुढची बाजू ‘ए’, मागची ‘बी’, ही पद्धत पुरते. मराठी माहिती चित्राखालच्या मजकुरात भरपूर लिहा. शोधणाऱ्याला कार्ड त्या मजकुरामुळेच सापडतं.

नेहमी होणारे घोटाळे

- मोठंच चित्र लहान करून दाखवणं. पानावर चित्र छोटं दिसतं, पण मागून तीन एमबीची फाइलच उतरते. एका पानावर अशी चाळीस कार्डं असली की १२० एमबी झाले. थंबनेल म्हणून खरोखरच वेगळी, लहान फाइल हवी. ती २० केबीची असेल तर तेच पान ८०० केबीत उघडतं.
- जेपेगवरून जेपेग. जेपेग उघडून, बदल करून पुन्हा जतन केलं की दर वेळी थोडं चित्र झिजतं. सुधारणा करायची तर परत टिफपाशी जा.
- व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र तिथे दाबून लहान केलं जातं. भावाकडचं कार्ड मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.
- पांढरी पट्टी कापणं. जुन्या कार्डांची पाठ फक्त पत्त्यासाठी राखलेली असे, मजकूर चित्राच्या बाजूलाच लिहावा लागे. ब्रिटनने १९०२ साली पाठीवर मजकुरालाही जागा दिली. त्याआधीच्या कार्डांवर चित्राशेजारची पट्टी हीच पत्राची जागा. कार्डाबाहेरचा काळा कागद कापा, कार्डाची कड मात्र पूर्ण ठेवा.
- रंग फिके पडणं. चित्र ‘अ‍ॅडोब आरजीबी’मध्ये असेल आणि साइज कमी करताना रंगाची माहिती पुसली गेली तर ते निस्तेज दिसतं. आधी ‘एसआरजीबी’त बदला, मग बाकीचं करा.
- फोनने काढलेल्या फोटोतलं ठिकाण. फोटोच्या आत जीपीएसची नोंद असू शकते. दुर्मिळ संग्रह कुठल्या घरात आहे हे जगाला सांगायची गरज नाही. बॅच करताना ही आतली नोंद (एक्झिफ माहिती) काढून टाकायचा पर्याय निवडा. काही केबीही वाचतात.

कुठे ठेवणार, त्यावरही साइज ठरते

स्वतःची वेबसाइट असेल तर वर सांगितलेले आकडे लावा. विकिमीडिया कॉमन्सवर देणार असाल तर उलट करा: तिथे मोठ्यात मोठं, चांगलं चित्र द्या. लहान प्रती ती व्यवस्था आपणहून बनवते, आणि एकदा दिलेलं चित्र कोणीही पुस्तकात, व्यवसायातही वापरू शकतो. हे मान्य असेल तरच तिथे द्या. गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलं तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठी चित्रं लहान केली जातात. म्हणजे ते मूळ प्रतींचं घर होऊ शकत नाही.

तुमचे आणि इतरांचे हक्क

कार्ड तुमच्या मालकीचं आहे याचा अर्थ त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट तुमचा आहे असा होत नाही. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली वारले, महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली. दोघांचीही चित्रं आज मुक्त आहेत. चित्रकाराचं नाव कुठेच कळत नसेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजतात.

फोटोंचा नियम २०१२ साली बदलला. त्याआधी फोटोला प्रसिद्धीपासून ६० वर्षं मिळत, आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मिळतात. भारतात १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या फोटोंची मुदत मात्र हा बदल येण्याआधीच संपली होती. तेव्हा जुन्या मुंबईच्या फोटोकार्डांची काळजी नको. १९६० नंतरची चकचकीत रंगीत कार्डं, नटनट्यांची कार्डं आणि दिवाळीची भेटकार्डं यांच्याबाबत सावध राहा. ती ठेवायचीच असतील तर ३०० पिक्सेलचं चित्र आणि माहिती एवढ्यावर थांबा, किंवा प्रकाशकाची परवानगी घ्या.

मुक्त झालेल्या कार्डाच्या नुसत्या स्कॅनवर नवा कॉपीराइट सांगता येईल का, असंही बरेच जण विचारतात. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली म्हटलं की नुसते कष्ट पुरेसे नाहीत, थोडी तरी सर्जनशीलता लागते. हुबेहूब स्कॅनमध्ये ती दाखवणं अवघड आहे. म्हणून चित्राच्या मधोमध मोठा वॉटरमार्क मारू नका. त्याने कार्ड बिघडतं आणि हक्क काही मिळत नाही. श्रेय हवं असेल तर चित्राखाली ‘अमुक यांच्या संग्रहातून’ असं लिहा. कार्डाबद्दल तुम्ही लिहिलेली टिपणं मात्र पूर्णपणे तुमची आहेत.

पाठीवरच्या मजकुराचं गणित वेगळं आहे. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. कधीच प्रसिद्ध न झालेलं पत्र जुनं आहे एवढ्यावरून मुक्त होत नाही. लिहिणारे तुमच्याच कुटुंबातले असतील तर भावंडांना आधी विचारा. बाहेरचे असतील तर शिक्का, तिकीट आणि छापील भाग दाखवा आणि मजकुरावर फिकट पट्टी टाका. आजही हयात असलेल्या कोणाचं नाव किंवा पत्ता दिसत असेल तर तो झाकाच. ही पट्टी दाखवायच्या प्रतीवर, जेपेग करण्याआधी टाका. मूळ टिफला हात लावू नका, आणि थंबनेल झाकलेल्या प्रतीवरूनच नव्याने काढा.